स्वरांच्या माथ्यावरील खुणा



गाणें ही कानाची विद्या आहे, कागदाची नव्हे, असें आपल्याकडील बुजुर्ग गवई नेहमीं म्हणत आले आहेत. आणि तें खरें आहे. तथापि गेल्या सव्वाशें वर्षांत आपलें संगीत घराण्यांच्या बंद दाराआडून सामान्य गृहस्थाच्या मुलांमुलींपर्यंत येऊन पोहोंचलें, तें पुष्कळ अंशीं कागदाच्या पाठीवर बसून, हेंही विसरून चालणार नाहीं. आज मला त्या कागदावरील अगदीं लहान वस्तूंविषयीं बोलावयाचें आहे. सा, रे, ग, म हीं अक्षरें मोठीं. त्यांच्या माथ्यावर, पायाशीं आणि कुशीला बसणारे ठिपके, रेघा, कमानी व कंस हे लहान. स्वर कोणता, हें अक्षर सांगतें. तो कोणत्या उंचीवर घ्यावा आणि कशा रीतीनें उच्चारावा, हें सांगण्याचें काम या लहान खुणांकडे असतें. इतिहासाचा अनुभव असा आहे कीं, अक्षरें टिकतात आणि खुणा हरवतात.

ही केवळ पंडितांच्या चर्चेची गोष्ट नव्हे. भिवंडीसारख्या मागांच्या खडखडाटांत वाढलेल्या गांवींही आतां हार्मोनियमचे व गायनाचे वर्ग चालतात. त्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हातीं बहुधा पुस्तक नसतें. कोणींतरी संगणकावर टंकिलेलें आणि मोबाइलवरून फिरत आलेलें पान असतें. अशीं पानें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. मूळ पुस्तकांत गंधाराच्या डाव्या खांद्यावर बारीक अक्षरांत बसलेला मध्यम येथें गंधाराच्या शेजारीं पूर्ण उंचीचा होऊन बसलेला आढळतो. पंचमाभोंवतालचा कंस गळालेला असतो. दोन स्वरांना जोडणारी कमान तर बहुतेक ठिकाणीं नसतेच. मुलगा बिचारा डोळ्यांना जें दिसतें तें वाजवितो.

यांत बिघडतें काय, तें पाहूं. खांद्यावरील बारीक अक्षर म्हणजे कण. मुख्य स्वराकडे जातां जातां त्या स्वराला नुसता स्पर्श करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. तो कण पूर्ण अक्षर झाला, म्हणजे एका स्वराचे दोन स्वर झाले आणि मात्रेचा हिशेब फसला. पंचमाला गोल कंस घातला असला, तर तेथें धैवत, पंचम, मध्यम, पंचम असे चार स्वर एका झटक्यांत घ्यावयाचे असतात. यालाच खटका म्हणतात. कंस गळाला कीं चारांतील तीन स्वर नाहींसे झाले. आणि दोन स्वरांवरील कमान म्हणजे मींड: एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज न तोडतां घसरत जाणें. ती कमान पुसली, म्हणजे जेथें झोका होता तेथें पायऱ्या आल्या.

कोणी म्हणेल, एवढ्यानें रागाला काय होणार? भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. दोहोंतही सा, रे, ग, प, ध हेच पांच स्वर लागतात. भूपाचा जीव गंधारांत व पूर्वांगांत. देसकाराचा धैवतांत व उत्तरांगांत. भूपांत पंचमावरून गंधारावर आणि षड्जावरून धैवतावर जी मींड येते, ती त्याच्या स्वभावाची खूण आहे. देसकाराचा धैवत मात्र सरळ व ठसठशीत. तसेंच दरबारी कानड्याचें. त्यांतील कोमल गंधार मंद झोके घेत आंदोलित होतो. जौनपुरींतही गंधार कोमलच, परंतु तो तसा झुलत नाहीं. कागदावर दोन्ही ठिकाणीं अक्षर एकच. अशा रागांच्या मधलें कुंपण स्वरांच्या उच्चारावर उभें असतें, आणि उच्चाराची कांहीं कल्पना देणाऱ्या खुणाच पुसल्या तर तें कुंपण अर्धें कोसळतें. ज्याला गुरु लाभला त्याला तें पुन्हां उभारतां येईल. ज्याला कागदावरच विसंबावें लागतें, त्यानें काय करावें?

आतां इतिहासाकडे वळूं. स्वर अक्षरांनीं लिहिण्याची आपल्याकडील चाल पुष्कळ जुनी आहे. तामिळ देशांत पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियानमलै येथें एका खडकावर संगीताचा शिलालेख आहे. लिपि पल्लव ग्रंथ. काळ सामान्यतः सातव्या शतकाच्या सुमारास मानितात. सात विभागांत स्वरसमूह कोरलेले आहेत. त्या अक्षरांना निरनिराळे स्वरवर्ण जोडलेले असून कांहीं अक्षरांच्या माथ्यावर ठिपके आहेत. अक्षरें वाचतां येतात. परंतु ते ठिपके कशाकरितां, याविषयीं विद्वानांचें आजवर एकमत झालेलें नाहीं. दगडानें ठिपका सुमारें तेराशें वर्षें जपला, पण ठिपक्याचा अर्थ कोणीं शेजारीं कोरून ठेविला नाहीं.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रांत आहे. देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजानें सन १२१० ते १२४७ पर्यंत राज्य केलें. त्याच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. शार्ङ्गदेवाचा आजा काश्मीराहून दक्षिणेंत आलेला. तो स्वतः राजाच्या दफ्तराचा मोठा अधिकारी होता. हिशेबी मनुष्याला शोभेल असेंच एक काम त्यानें केलें: मंद्र स्वराच्या माथ्यावर बिंदु द्यावा, तार स्वराच्या माथ्यावर उभी रेघ द्यावी, असें त्यानें शब्दांनीं सांगून ठेविलें. गमकाचे पंधरा प्रकार सांगतांना प्रत्येकाचें नांव आणि लक्षणही दिलें. त्यामुळें देवगिरीचें राज्य लयास जाऊन सातशें वर्षें लोटलीं, तरी तो ठिपका व ती रेघ आपण निःशंकपणें वाचूं शकतों.

त्याच्याही पुढें एक पाऊल सोमनाथ पंडितानें टाकिलें. शके १५३१ मध्यें, म्हणजे सन १६०९ मध्यें, त्यानें ‘रागविबोध’ लिहिला. सोमनाथ वीणावादनाचा जाणता होता. स्वर कोणता एवढें सांगून त्याचें समाधान झालें नाहीं. तारेवर आघात कसा करावा, तार कशी ओढावी, बोट कसें घसरवावें, स्वर कसा हालवावा, या वादनाच्या निरनिराळ्या रीतींसाठीं त्यानें निरनिराळीं चिन्हें योजिलीं आणि तीं घालून रागांचें लेखन करून दाखविलें. शिवाय त्या ग्रंथावर ‘विवेक’ नांवाची टीका त्यानें स्वतःच लिहिली. चारशें वर्षांपूर्वीं वीणेवर बोटें कशीं फिरत असत, याचा अंदाज आज संशोधकांना बांधतां येतो, तो या खुणांच्या व त्यांच्या स्पष्टीकरणाच्या बळावर.

तथापि या लिपि ग्रंथांतच राहिल्या. घराण्यांत विद्या तोंडीं चालली आणि लिहिण्याची गरज फारशी कोणाला भासली नाहीं. गरज भासूं लागली ती एकोणिसाव्या शतकांत शाळा निघाल्यावर. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानें उस्ताद मौलाबक्ष यांनीं सन १८८६ मध्यें संगीतशाळा काढली आणि स्वतःची लेखनपद्धति चालू केली. पुढें विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. कुरुंदवाडास जन्मलेला, लहानपणीं शोभेच्या दारूनें दृष्टि अधू झालेला आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकलेला हा पुरुष शेंकडों विद्यार्थ्यांना एकाच वेळीं शिकवूं पाहत होता. त्याला पुस्तक पाहिजे होतें आणि पुस्तकाला लिपि पाहिजे होती.

त्याच काळांत मुंबईस वाळकेश्वरीं जन्मलेले वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) वेगळ्या मार्गानें त्याच ठिकाणीं आले. रामपूर, जयपूर अशा ठिकाणच्या खानदानी उस्तादांकडून त्यांनीं बंदिशी मिळविल्या, लिहून घेतल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति, क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत छापून जगापुढें ठेविल्या. तोंडावाटे चालत आलेलें एवढें धन एकाच लिपींत त्यापूर्वीं कधीं उतरलें नव्हतें.

या दोघां विष्णूंच्या लिपि मात्र एक नव्हत, आणि आपल्या विषयाचें मर्म येथेंच आहे. पलुस्करांच्या लिपींत मंद्र स्वरावर ठिपका आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे शार्ङ्गदेवाचीच रीत. भातखंड्यांच्या लिपींत तार स्वराच्या वर ठिपका, मंद्र स्वराच्या खालीं ठिपका, आणि उभी रेघ केवळ मध्यमावर, तो तीव्र आहे हें दाखविण्यासाठीं. कोमल स्वराला भातखंडे खालीं आडवी रेघ देतात. पलुस्कर पाय मोडल्यासारखी खूण देतात. पलुस्करांच्या लिपींत अक्षराखालचें शून्य अर्धी मात्रा दाखवितें. भातखंड्यांच्या लिपींत तालाच्या ओळींतील शून्य खाली दाखवितें. समेला एकाकडे फुली आणि दुसऱ्याकडे एकाचा आंकडा.

आतां कल्पना करा: षड्जावर एक ठिपका आहे. भातखंडे-परंपरेचा विद्यार्थी तो तार षड्ज म्हणून वाचील. पलुस्कर-परंपरेचा विद्यार्थी मंद्र षड्ज म्हणून. दोन्ही विद्यार्थी प्रामाणिक, दोघांचेही डोळे शाबूत, आणि अंतर तब्बल दोन सप्तकांचें! ठिपक्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो करारानें येतो. म्हणूनच क्रमिक पुस्तकांत आरंभीं चिन्हपरिचयाचें पान असतें. सारा ग्रंथ त्या एका पानाच्या आधारानें उभा असतो. आणि आज पुस्तकांतील एखादी बंदिश कोणी उतरून घेतो, तेव्हां नेमकें तेंच पान मागें राहतें.

छापखान्यांत या खुणांनीं कांहीं कमी त्रास दिला नाहीं. देवनागरीच्या जुन्या खिळाजुळणींत अक्षर, त्याच्या वरची मात्रा व खालचा उकार यांचे निरनिराळे खिळे तीन थरांत बसवावे लागत. त्यांत स्वरलिपि आली, कीं कणाचें बारीक अक्षर आणि दोन अक्षरांवरून जाणारी कमान यांची भर पडे. जुळाऱ्याची नजर चुकली तर कमान एक घर सरके आणि मींड भलत्याच स्वरावर जाई. तरीही जुळारी आणि ग्रंथकार हे दोघे मनुष्यच होते. ग्रंथकार मुद्रितावर शाईनें फुली करी, आणि जुळारी खिळा हालवी.

संगणकाचा न्याय वेगळा आहे, आणि तो समजावून घेतला पाहिजे. संगणक आकार सांठवीत नाहीं. तो संकेतांक सांठवितो. आमच्या गांवांतील वाचकांना हें लवकर पटेल. नक्षीच्या मागावर कापडांत फूल दिसतें, पण माग फूल जाणत नाहीं. पत्त्यावर भोंक आहे कीं नाहीं, एवढेंच तो जाणतो. फ्रान्सांत लियाँ येथें जाकार यानें सन १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या मागाचें रहस्य हेंच. त्याचप्रमाणें पडद्यावर षड्जाच्या माथ्यावर ठिपका दिसतो, तेव्हां आंत कोणता संकेतांक आहे, हा खरा प्रश्न. तो संकेतांक बहुधा अनुस्वाराचा असतो! टंकणाऱ्याला तार षड्जाचा ठिपका कळफलकावर सांपडत नाहीं. तो ‘सां’ असें टंकितो आणि काम भागवितो. मंद्र स्वराच्या खालचा ठिपका हवा असला, तर फारशी शब्दांच्या ‘ज़’ खालचा नुक्ता उसना घेतो.

कोमल व तीव्र स्वरांसाठीं उसनवारी आणखी दूरून होते. जगांतील लिपींचे संकेतांक ठरविणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, सन १९९१ मध्यें, देवनागरीबरोबर वेदपाठाच्या दोन खुणा आल्या: अक्षराखालची आडवी रेघ, म्हणजे अनुदात्त, आणि अक्षरावरची उभी रेघ. भातखंड्यांचा कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम लिहावयास या दोन्ही दिसावयास तंतोतंत जुळतात. त्यामुळें आज ‘रे॒’ आणि ‘म॑’ असें जें सर्रास दिसतें, त्यांत वेदाचे स्वर संगीताच्या कामीं जुंपलेले आहेत. त्यांतही एक गंमत आहे. त्या उभ्या रेघेचें युनिकोडमधील नांव ‘उदात्त’ असें आहे. ऋग्वेदाच्या पोथींत उदात्ताला खूणच नसते. ती रेघ स्वरिताची. नांव चुकलें हें पुढें उमगलें, परंतु एकदां दिलेलें नांव बदलावयाचें नाहीं असा तेथील दंडक असल्यामुळें तें तसेंच राहिलें.

कोणी म्हणेल, दिसावयास बरोबर दिसतें ना, मग आंत कांहीं का असेना! नुसतें पाहून गाणाऱ्यापुरतें हें चालेल. परंतु संगणकावर पान ठेवण्याचा हेतु शोधणें, जुळवून पाहणें, दुसऱ्या लिपींत उतरविणें हाही असतो. तार षड्ज असलेल्या ओळी शोधण्यास यंत्राला सांगितलें, तर तें बंदिशीच्या शब्दांतील सारे अनुस्वार पुढें आणून ओततें. भातखंडे लिपींतील पान पलुस्कर लिपींत करावयास सांगितलें, तर त्याला ठिपक्याचा अर्थच ठाऊक नसतो. आणि दृष्टिहीन विद्यार्थी, जे पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचवून घेतात, त्यांच्या कानीं ‘सां’ हा तार षड्ज म्हणून न पडतां अनुस्वारयुक्त अक्षर म्हणून पडतो. ज्या विद्येच्या प्रसारासाठीं एका अधू दृष्टीच्या पुरुषानें आयुष्य वेंचलें, तिचीं पानें दृष्टिहीनांना मुकीं व्हावींत, हें मनाला लागण्यासारखें आहे.

हें दुखणें आपलेंच आहे असें नाहीं. मोत्सार्ट (१७५६–१७९१) या युरोपीय संगीतकाराच्या हस्तलिखितांत स्वर तोडून वाजविण्यासाठीं कोठें ठिपका, कोठें उभी रेघ आढळते. पुढच्या शतकांतील कित्येक छापील आवृत्त्यांनीं हा भेद न मानतां सरसकट ठिपकेच छापिले. ठिपका, रेघ व पाचर यांचा मोत्सार्टच्या लेखनांत अर्थ काय, याच प्रश्नावर जर्मनींतील संगीतसंशोधकांच्या मंडळानें निबंधस्पर्धा लाविली, आणि ते निबंध सन १९५७ मध्यें पुस्तकरूपानें निघाले. एका ठिपक्यासाठीं एवढा खटाटोप! पण त्याचा उपयोग झाला. सन २०१३ मध्यें ‘स्मफल’ नांवाची संगीतचिन्हांची सर्वसाधारण मांडणी सिद्ध झाली, तिच्यांत ठिपका, पाचर आणि रेघ यांस वेगवेगळे संकेतांक मिळाले. आतां संगीतलेखनाच्या आज्ञावलींत जुन्या हस्तलिखितांतील नेमकी खूण निवडून घालतां येते. त्या मांडणींत मध्ययुगीन चर्चच्या लेखनपद्धति आहेत. तुर्की, अरबी व इराणी संगीतासाठीं खुणा आहेत. सन २०२१ च्या आवृत्तींत आपल्या भातखंडे-पलुस्करांचा विभाग मात्र नाहीं.

असें होण्यास कोणाचा आकस कारण नव्हे. मागणाऱ्याला मिळतें, एवढेंच. वेदपाठाच्या खुणांचें काय झालें पहा. पूर्वीं औंधास पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळानें वेदसंहिता स्वरांसहित छापिल्या, तेव्हां त्या खुणा खिळ्यांत आल्या. पुढें विद्वानांनीं पोथ्यांचे दाखले जमविले, प्रत्येक खुणेचें नांव, स्थान व अर्थ लिहून दिला. आणि सन २००९ च्या आवृत्तींत युनिकोडनें वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग उघडला. सामवेदाच्या अक्षरांवर बसणारे बारीक आंकडे व बारीक अक्षरेंसुद्धां त्याच आवृत्तींत आलीं. भातखंड्यांचा कण म्हणजे तरी अक्षराच्या खांद्यावरील बारीक अक्षरच नव्हे काय? सामगायकांच्या खुणांना जी जागा मिळाली, ती ख्यालगायकांच्या खुणांना मिळण्यास तत्त्वतः अडचण दिसत नाहीं. पाहिजे ती दाखले जमविण्याची चिकाटी. क्रमिक पुस्तकांच्या जुन्या मराठी आवृत्त्या, पलुस्करांचीं लाहोर-मुंबईचीं पुस्तकें आणि मौलाबक्षांची लिपि यांतील प्रत्येक खूण पानासह नोंदवावी. ती कोणत्या लिपींतील, तिचा अर्थ काय, हें शेजारीं लिहावें. हें काम एकट्या संगणकज्ञाचें नव्हे आणि एकट्या गवयाचेंही नव्हे. दोघांनीं एका टेबलाशीं बसलें पाहिजे.

तें होईपर्यंत तुम्हांआम्हांस करतां येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. जो कोणी बंदिश टंकून दुसऱ्याला देईल, त्यानें तिच्या माथ्यावर दोन ओळींचा चिन्हपरिचय अवश्य द्यावा: लिपि भातखंड्यांची कीं पलुस्करांची, वरचा ठिपका म्हणजे काय, खालचा ठिपका म्हणजे काय, कणासाठीं, मींडेसाठीं व खटक्यासाठीं कोणती खूण वापरली आहे. कमान टंकतां येत नसेल तर ‘येथें मींड’ असे दोन शब्द लिहावे, पण ती जागा रिकामी सोडूं नये. शिक्षकांनींही पहिल्या धड्यांत अलंकार घोकविण्यापूर्वीं या खुणा फळ्यावर काढून त्यांचा उच्चार गळ्यानें ऐकवावा, म्हणजे पुढें विद्यार्थ्याला सदोष पान हातीं आलें तरी त्यांतील उणीव त्याच्या ध्यानांत येईल.

कुडुमियानमलैच्या कातळावरील ठिपके अजून शाबूत आहेत आणि मुके आहेत. देवगिरीच्या पंडिताचा ठिपका बोलतो, कारण त्यानें तो काढतांना त्याचा अर्थ सांगितला. आपण आज यंत्राच्या पोटांत जीं पानें भरीत आहों, तीं यांपैकीं कोणत्या रांगेंत बसावीं, हें आपल्या दोन ओळींच्या कष्टावर अवलंबून आहे.